पागडीची खोली नेमकी कोणाची? संरक्षित भाडेकरू आणि घरमालक यांचे हक्क

गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत राहणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘पागडी भरलीय, खोली आमचीच आहे.’ पागडी म्हणजे जागा भाड्याने घेताना दिलेली एकरकमी रक्कम. घरमालकाला विचारा, तो म्हणेल, ‘इमारत माझी, सातबारा माझा, कर मी भरतो, आणि मलाच माझ्या जागेत पाऊल टाकता येत नाही.’ दोघेही अर्धे बरोबर आहेत. कायद्याने भाडेकरूला राहण्याचे संरक्षण दिले आहे, मालकी दिलेली नाही. भाडेकरू भाडेकरूसारखा वागतो तोवरच ते टिकते, आणि बहुतेक खटले नेमके इथेच हरले जातात.

हा कायदा आला कुठून

मुंबईत दुसऱ्या महायुद्धापासून जागेची टंचाई होती. फाळणीनंतर ती आणखी वाढली. त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. विदर्भात १९४९ चा वेगळा आदेश होता, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. हे तिन्ही रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. आज मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, कुठेही जुन्या भाडेकरूचा वाद असेल, तर याच कायद्याने चालतो. गोव्यात मात्र १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे. शेतजमिनीचे ‘संरक्षित कूळ’ हा तर पूर्ण निराळा विषय. नावातल्या साम्यामुळे अनेक जण तहसीलदाराकडे चकरा मारतात, पण घराच्या आणि दुकानाच्या गाळ्याच्या भाड्याशी कूळकायद्याचा संबंध नाही.

संरक्षण कोणाला आहे? ज्याने जागा भाड्याने घेतली आहे त्याला. त्याशिवाय, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी नुसत्या वापराच्या परवाना करारावर, जागेत राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरू मानले. त्यामुळे १९७० सालचा परवाना करार कपाटात सापडला तर तो रद्दीत टाकू नका. आजच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला मात्र यातले काही मिळत नाही. बँका, सरकारी महामंडळे, परदेशी दूतावास, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही हा कायदा लागत नाही. कुलाब्यात चाळीस वर्षे नाममात्र भाड्यात बसलेल्या बड्या कंपनीविरुद्ध मालक नोटीस देऊन थेट ताब्याचा दावा लावू शकतो, तो यामुळेच.

भाडे गोठले, बाकी सगळे त्यातून आले

नव्या कायद्यात प्रमाण भाड्याचा, म्हणजे कायद्याला मान्य असलेल्या भाड्याचा, पाया १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे हा आहे. त्यावर मालकाला दरसाल ४ टक्के वाढ घेता येते. पालिकेने कर वाढवला तर ती वाढ भाडेकरूकडून वेगळी वसूल करता येते. ऐकायला बरे वाटते, पण हिशेब करून पाहा. २००० साली ८० रुपये भाडे असलेल्या खोलीवर ४ टक्के चक्रवाढीने २५ वर्षे वाढ धरली तरी आज भाडे होते सुमारे २१३ रुपये. तेवढ्यात चाळीच्या जिन्यातला दिवासुद्धा दुरुस्त होत नाही.

म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. आणि कायदा काय म्हणतो? जागा चांगल्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. पण एका वर्षात कापायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. वरच्या खोलीचे वर्षाचे भाडे २,५५६ रुपये, म्हणजे कापता येतील सुमारे ६४० रुपये. पोटमाळ्याची एक तुळई बदलायला सुताराची दिवसाची मजुरीही त्यात बसत नाही. या तरतुदीचा उपयोग खर्च वसूल करण्यापेक्षा पुरावा तयार करण्यासाठी जास्त होतो : दुरुस्तीची मागणी केली होती, मालकाने केली नाही, हे कागदावर राहते.

गोठलेल्या भाड्यातूनच पागडी जन्मली. भाडे वाढत नाही, मग जागा देतानाच एकरकमी पैसे घ्यायचे. १९४७ च्या कायद्याखाली हा गुन्हा होता, त्यामुळे सगळा व्यवहार रोखीत आणि बिनकागदाचा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना भाडेकरूने पैसे घेणे, आणि भाडेपट्टा देताना किंवा हस्तांतरणाला संमती देताना मालकाने पैसे घेणे, दोन्ही कायदेशीर केले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९४० च्या भाड्याला चिकटून राहणे अवाजवी झाल्याचे सुनावले होते. नवा कायदा घाईने आला, तो त्या पार्श्वभूमीवर. तरी भाडे बाजाराच्या जवळपासही गेले नाही, आणि पागडी गेली नाही.

भाडेपावती

भाडेकरूच्या हातातला सर्वात मोलाचा कागद म्हणजे भाडेपावती. पैसे घेताच लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक भाडे घ्यायचेच बंद करतो, ही जुनी खेळी. मग काही महिन्यांनी ‘थकबाकीदार’ म्हणून नोटीस येते. अशा वेळी भाडे मनीऑर्डरने किंवा पोचपावतीसह टपालाने चेक पाठवून द्यावे, आणि परत आलेला लिफाफा न फोडता तसाच ठेवावा. बंद लिफाफ्यावरचा ‘घेण्यास नकार’ हा टपालवाल्याचा शेरा न्यायालयात फार बोलका ठरतो.

थकबाकीवरून जागा खाली करून घ्यायची असेल, तर मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. त्याआधी लावलेला दावा टिकत नाही. दावा लागल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते : समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरायची, आणि निकाल लागेपर्यंत दरमहा भाडे भरत राहायचे, शिवाय न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च. एवढे केले तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा, म्हणजे जागा खाली करण्याचा न्यायालयाचा निकाल, होत नाही. गडबड होते ती ‘भरत राहायचे’ इथे. पहिली रक्कम भरून लोक निर्धास्त होतात, वर्षभराने दोन महिने चुकतात, आणि मिळालेले संरक्षण जाते. वकिलाच्या भरवशावर न राहता भरण्याची चलने स्वतःच्या फायलीत लावा.

या ९० दिवसांच्या नोटिशीची गल्लत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ च्या १५ दिवसांच्या नोटिशीशी होते. भाडे नियंत्रण कायद्याखालील दाव्याला ती दुसरी नोटीस लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी वकील सवयीने पाठवतात.

मालक कोणत्या कारणांवर जागा मागू शकतो

कलम १६ मध्ये कारणांची यादी आहे आणि त्या यादीबाहेर जाता येत नाही. ‘मला जागा विकायची आहे’, ‘जास्त भाडे देणारा मिळाला आहे’ ही कारणे नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक दावे पुढच्या चार गोष्टींवर उभे असतात.

पहिली, वापर नसणे. दावा दाखल होण्यापूर्वी सलग सहा महिने, सबळ कारणाशिवाय, जागा ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही, तर ताबा जाऊ शकतो. परळची खोली कुलूप लावून ठेवायची, कुटुंब डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, आणि गणपतीत दोन दिवस येऊन दिवा लावायचा : हे चित्र घरोघरी आहे, आणि हा दावा मालकाला सिद्ध करायला सर्वात सोपा. तो वीज कंपनीकडून बिलांचा उतारा मागवतो. सहा महिने शून्य किंवा दोन-तीन युनिट दिसले, गॅसची नोंदणी आणि मुलांच्या शाळेचे पत्ते डोंबिवलीचे निघाले, की उलटतपासणीत फारसे काही उरत नाही. आजारपण, नोकरीतली तात्पुरती बदली, इमारत राहण्याजोगी नसणे ही सबळ कारणे ठरू शकतात, पण कागद हवेत.

दुसरी, पोटभाडेकरू. मालकाच्या संमतीशिवाय जागा दुसऱ्याला देता येत नाही. भाडे घेतल्याचा थेट पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून न्यायालय ताबा पाहते. त्रयस्थ माणूस एकट्याने जागा वापरतो आहे आणि मूळ भाडेकरूचा जागेवर काहीच अंमल नाही, हे दिसले की पैसे घेतले असणार असा निष्कर्ष काढता येतो. दुकानांच्या बाबतीत यासाठी ‘भागीदारी’चा आडोसा घेतात. खरी भागीदारी असेल, भाडेकरू स्वतः धंद्यात असेल, तर ती पोटभाडेकरूगिरी नाही. पण भागीदारी पत्रात त्याचा हिस्सा ठरावीक मासिक रक्कम असेल आणि तोट्याशी संबंध नसेल, तर ते भाडेच आहे, हे न्यायाधीशाला समजायला वेळ लागत नाही.

तिसरी, परवानगीविना पक्के बांधकाम. कायद्याने यात बरीच सूट दिली आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडे हे पक्के बांधकाम समजले जात नाही, फक्त जिथे पालिकेची परवानगी लागते तिथे ती हवी. भारवाहक भिंत फोडणे किंवा गॅलरी आत घेऊन स्लॅब टाकणे मात्र अंगाशी येते.

चौथी, मालकाची स्वतःची खरी गरज. इथे गरज ‘खरी आणि वाजवी’ आहे हे मालकाने सिद्ध करायचे. ते झाल्यावरही न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहते. हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास न दिल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त असेल, तर ताबा मिळत नाही. अर्धी जागा देऊन भागत असेल तर तेवढ्यापुरता हुकूम होतो. भाडेकरूने ‘पर्यायी जागा शोधली पण परवडली नाही’ एवढे म्हणून चालत नाही, शोधल्याचा पुरावा द्यावा. आणि मालकाने गरज सांगून जागा घेतली पण महिनाभरात स्वतः वापरात आणली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते.

यादीत उपद्रव, बेकायदा वापर, इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करणे, पाडून नवी बांधणे हीही कारणे आहेत.

मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि अपील तिथल्याच दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे. इतरत्र अपील जिल्हा न्यायालयात. दुसरे अपील नाही. हुकूमनामा झाल्यावर अपिलात स्थगिती घेऊन वीस वर्षे काढायचे दिवस आता संपत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज आणि २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच सुपर मॅक्स खटल्यात सांगितले की हुकूमनाम्यानंतर स्थगिती हवी असेल, तर भाडेकरूला बाजारभावाच्या जवळ जाणारी भरपाई दरमहा भरायला लावता येते. दोनशे रुपये भरणाऱ्याला वीस हजार भरायची अट आली की तडजोडीची बोलणी लवकर सुरू होतात.

दरम्यान मालकाने पाणी तोडणे, जिन्याचा दिवा काढणे, संडासला कुलूप लावणे हे कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि न्यायालय ती सेवा तातडीने सुरू करायचा आदेश देऊ शकते. तसेच भाडेकरूने मालकाला जागा दाखवायला नकार देणेही चूक. पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी पाहणी करणे हा मालकाचा हक्क आहे.

वडील गेले, पावती कोणाच्या नावावर?

घरातल्या भांडणांचे हे मूळ. कायद्याचा क्रम साधा आहे. भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. दुकान किंवा गोदाम असेल तर त्याच्याबरोबर ती जागा वापरणारा कुटुंबीय. असे कोणीच नसेल तरच इतर वारस. एकाहून जास्त असतील आणि आपसात पटले नाही, तर न्यायालय ठरवते.

म्हणजे धाकटा भाऊ आईवडिलांबरोबर चाळीत राहत होता आणि थोरला वाशीला, तर खोली समान वाटून मिळेल हा थोरल्याचा समज हिंदू वारसा कायद्यावरून आलेला आहे. इथे तो लागू पडत नाही. मृत्युपत्रही चालत नाही. राहत्या जागेचा भाडेहक्क परक्याला मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जुन्या कायद्याखाली १९८६ मध्ये ठरवले. हक्क मृत्यूच्या क्षणी ठरतो. पावतीवर नाव चढवणे ही पुढची नोंद. पण मालक नाव चढवायला पैसे मागतो, लोक दहा-दहा वर्षे वडिलांच्या नावानेच भाडे भरतात, आणि पुनर्विकासाच्या वेळी पात्रता यादीत मेलेल्या माणसाचे नाव निघते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा जोडून महिन्या-दोन महिन्यांत मालकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याने उत्तर दिले नाही तरी तुमचा अर्ज तारखेसह राहतो.

पागडीची खोली ‘विकताना’

शब्द चुकीचा आहे, कारण विकायला तुमच्याकडे जागा नाही, फक्त भाडेहक्क आहे. व्यवहार तिघांचा असतो. जुना भाडेकरू मालकाला हक्क सोडून देतो, मालक नव्या माणसाशी भाडेकरार करतो आणि त्याच्या नावाने पावती फाडतो. मालकाचा वाटा मुंबईत प्रथेने साधारण एक तृतीयांश धरतात. तो कायद्याने ठरलेला नाही, बोलणी करता येतात. करार नोंदणीकृत हवा. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मालकाला बाजूला ठेवून जुन्या भाडेकरूशी केलेला ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’चा व्यवहार म्हणजे वर सांगितलेल्या पोटभाडेकरूच्या दाव्याला दिलेले आमंत्रण.

‘बारा वर्षे राहिला की जागा त्याची’ हा गैरसमज इथेच मोडून टाकू. भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस पन्नास वर्षे राहिला तरी भाडेकरूच राहतो, मालकाची मालकी तो नाकारू शकत नाही. आणि याच भीतीपोटी निघालेली ११ महिन्यांच्या कराराची प्रथा : वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही, असा त्यामागचा समज. महाराष्ट्रात तो खरा नाही. लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचा असो की ३६, नोंदणी हवीच. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर, मिळून ०.२५ टक्के. महिना २०,००० भाडे, १ लाख अनामत, ११ महिने, तर सुमारे ५७० रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी मालक मोठा बचाव गमावतो. नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळतो, आणि न निघणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

इमारत पडली किंवा पाडली तर

इमारत गेली म्हणून भाडेहक्क जात नाही. पालिकेने धोकादायक ठरवून पाडलेल्या इमारतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले. भाडेहक्क जमिनीलाही चिकटलेला असतो. पण हक्क किती चौरस फुटांचा, हे सिद्ध करायचे साधन ढिगाऱ्याखाली जाते. म्हणून खोली सोडण्याआधी पालिकेकडून किंवा वास्तुविशारदाकडून चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेचे) मोजमाप, सही-शिक्क्यानिशी, भाडेकरूंच्या यादीसह हातात असले पाहिजे.

मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या इमारती ‘उपकरप्राप्त’, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, आहेत. त्यांची दुरुस्ती म्हाडाचे दुरुस्ती मंडळ करते आणि पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो. त्याला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर विनामूल्य मिळते, तेही मालकी हक्काने. भाडेकरू मालक होतो तो इथेच, त्याआधी नाही. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेले नवे भाडेकरू यात धरले जात नाहीत. एका खोलीच्या दोन पावत्या करून दोन घरे मिळवण्याचे बेत त्यामुळेच फसतात.

किल्ली विकासकाच्या हातात देण्यापूर्वी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार प्रत्येक भाडेकरूच्या नावाने नोंदवलेला हवा. त्यात नव्या घराचे चटई क्षेत्र, मजला, पूर्ण करायची तारीख, नवे घर मिळेपर्यंत दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा मिळणारे संक्रमण भाडे आणि ते थांबले तर काय, एवढे लिहिलेले असावे. बहुतेक विकासक पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ देतात, आणि रखडपट्टी सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. त्या वर्षांसाठी बँक हमी मागा. ती मागताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून प्रकल्पाच्या तब्येतीचा अंदाज येतो.